एक शहर, १२ लेखक आणि साडेतीन तारे

एका कल्पित बंदराच्या शहरात घडणाऱ्या, १२ लेखकांनी मिळून लिहिलेल्या फँटसी कथांचा संग्रह मी नुकताच वाचून संपवला आणि त्याच सुमारास त्याचे एक सविस्तर परीक्षण माझ्या वाचनात आले. परीक्षकांनी प्रत्येक कथेला तारे दिले होते, त्यांची बेरीज केली होती, तिला १२ने भागले होते आणि उत्तर साडेतीन काढले होते. भागाकार अचूक आहे. मी तो स्वतः करून पाहिला. अशा काटेकोर कामाचा लाभ इतर होतकरू परीक्षकांनाही मिळावा, या सद्हेतूने त्यांची पद्धत येथे मांडत आहे.

प्रथम, हातातले पुस्तक कोणत्या जातीचे आहे याचा विचार करण्यात वेळ दवडू नये. अनेक लेखकांनी एकच कल्पित जग, तेच रस्ते, त्याच देवता आणि एकमेकांची पात्रे वापरून आपापल्या कथा लिहायच्या, हा प्रकार परीक्षकाच्या फार सोयीचा आहे. कथा स्वतंत्रपणे उभी असेल तर 'ती सामायिक विश्वाशी एकरूप होत नाही' असे म्हणता येते आणि विश्वाशी एकरूप असेल तर 'ती स्वतंत्रपणे उभी राहत नाही' असे म्हणता येते. दोन्ही आक्षेप एकाच परिच्छेदात घेण्याचे धैर्य आपल्याकडे असल्यास उत्तमच.

नकाशाची स्तुती अवश्य करावी. तो पहिल्याच पानावर असतो.

मग अनुक्रमणिका उघडून त्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव शोधावे आणि ती कथा आधी वाचावी. ती अकरावी असेल आणि तिच्यात पहिल्या दहा कथांमधल्या घटनांचे परिणाम भोगणारी माणसे असतील, तर ती आपल्याला दुर्बोध वाटणे स्वाभाविक आहे. तसे निःसंकोच लिहावे. संपादकाने कथांचा क्रम काही हेतूने लावला असेल, ही शंका मनात येऊ देऊ नये.

यानंतर विसंगती शोधाव्यात, कारण त्यासाठी रसिकता लागत नाही, पेन्सिल पुरते. तिसऱ्या कथेतला राज्यपाल दयाळू आहे आणि सहाव्या कथेतला तोच राज्यपाल क्रूर आहे, असे आढळताच 'संपादनातील ढिसाळपणा' असा शेरा मारावा. तिसरी कथा राज्यपालाच्या पदरी असलेला भाट सांगतो आणि सहावी त्याच्या तुरुंगातला कैदी सांगतो, ही क्षुल्लक बाब आपल्या निष्कर्षाच्या आड येता कामा नये. रॉबर्ट लिन ॲस्प्रिन यांनी संपादित केलेल्या 'थीव्ज वर्ल्ड' या, अनेक लेखकांनी एकाच कल्पित शहरावर लिहिलेल्या कथांच्या मालिकेच्या १९७९च्या पहिल्याच खंडात या आक्षेपाचे उत्तर संपादकाच्या टिपणात देऊन ठेवलेले आहे: प्रत्येक कथा वेगळ्या नजरेतून सांगितलेली आहे आणि त्या शहरातली माणसे खोटे बोलतात, हे ध्यानात ठेवून वाचकाने विसंगतींकडे पुन्हा पाहावे. त्या मालिकेचे १९८९ पर्यंत १२ खंड निघाले आणि या प्रकाराची घडी बऱ्याच अंशी तिनेच बसवली. पण परीक्षकाची स्मरणशक्ती गेल्या वर्षी गाजलेल्या मालिकेपासून सुरू झाली तरी चालते.

खऱ्या विसंगतीकडे मात्र दुर्लक्ष करावे. या संग्रहातल्या जगाचा एक कडक नियम आहे: जो मंत्र म्हणतो त्याची एक आठवण कायमची पुसली जाते. पहिल्या कथेतली म्हातारी पूर थोपवते आणि त्या बदल्यात धाकट्या मुलाचे नाव विसरते. पुढच्या साऱ्या कथांमधली भीती याच नियमावर तोललेली आहे. नवव्या कथेतला मांत्रिक मात्र एकाच रात्रीत तीन मंत्र म्हणतो, काहीही विसरत नाही, त्याचे कारण कोणी विचारत नाही आणि लेखकही देत नाही. येथे संग्रहाचा पायाच खचतो. आपले परीक्षक या कथेला 'वेगवान आणि खिळवून ठेवणारी' म्हणतात आणि पाच तारे देतात. मंत्र फुकट मिळू लागले की वेग वाढणारच.

शेवटच्या कथेत कोण मरते, ते परीक्षणाच्या तिसऱ्या परिच्छेदात सांगून टाकावे.

एका लेखकाचे पात्र दुसऱ्याच्या कथेत दिसले की 'कंपूतल्या लोकांचा आपसांतला खेळ' अशी संभावना करावी. हा खेळ किती जुना आहे, हे ठाऊक नसल्यास शेरा अधिक ठणठणीत उमटतो. १९३५ साली अवघ्या १८ वर्षांच्या रॉबर्ट ब्लॉक यांनी ज्येष्ठ भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्यावर बेतलेले पात्र एका कथेत ठार मारले, तेही त्यांची रीतसर अनुमती घेऊन. आणि लव्हक्राफ्ट यांनी १९३६मध्ये छापून आलेल्या कथेत ब्लॉक यांच्यावर बेतलेल्या रॉबर्ट ब्लेक नावाच्या नायकाचा शेवट करून त्याची परतफेड केली. 'थीव्ज वर्ल्ड'च्या लेखकांनाही इतरांची पात्रे वापरण्याची मुभा होती, मात्र मूळ लेखकाला विचारल्याशिवाय त्यांना मारायचे नाही आणि फारसे सुधारायचेही नाही, असा दंडक होता. हे निर्बंध पाळून उसन्या पात्राला आपल्या कथेत जगवणे सोपे नसते. ते कोणाला साधले आणि कोणी नुसते ओळखीचे नाव टाकून वेळ मारून नेली, हे पारखण्यासाठी परीक्षक नावाचा मनुष्य असतो, अशी माझी आपली एक जुनाट समजूत आहे.

आता ताऱ्यांच्या सरासरीकडे वळतो, कारण ही युक्ती सर्वांत थोर आहे. संग्रहाच्या दुसऱ्या कथेत एक नावाडी दीड ओळीपुरता येतो. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे नाहीत आणि उतारूंकडून नाणे घेताना तो नेहमी डावा हात पुढे करतो, बस, इतकेच. पाचव्या कथेत दुसरी लेखिका त्याला नायक करते आणि ती बोटे त्याने नदीच्या देवतेला कशाच्या मोबदल्यात दिली, हे आपल्याला कळते: बुडालेली मुलगी परत मिळावी म्हणून. आठव्या कथेत तो कोठेही नाही. तिसऱ्याच लेखकाच्या या कथेत एक प्रवासी नदी ओलांडतो आणि वल्हे हाती असलेली तरुणी भाड्यासाठी डावा हात पुढे करते. तिची दहाही बोटे शाबूत आहेत. लेखक एक शब्दही अधिक बोलत नाही आणि तरीही बाप गेला, नाव तिच्याकडे आली, ती त्याच्याकडे पाहत पाहत वाढली, हे सारे त्या एका हालचालीत येऊन जाते. परीक्षकांनी पाचव्या कथेला दोन तारे दिले, कारण 'नावाडी हे पात्र पुढे अर्धवट सोडून दिले आहे'. आठवीला दीड, कारण तिच्यात 'काहीही घडत नाही'.

काहीही घडत नाही! तीन लेखकांनी मिळून एक अख्खे आयुष्य उभे केले, ते तिघांपैकी एकाच्याही कथेत पूर्णपणे नाही, आणि तुम्ही कथा सुट्या करून तारे वाटत बसलात. जे दोन कथांच्या मधल्या जागेत आहे, त्याला तारे कोठून देणार? हा प्रकार ज्यासाठी लिहिला आणि वाचला जातो, नेमके तेच तुमच्या भागाकारातून गळून पडले आणि तुम्हाला त्याची चाहूलही लागली नाही.

तुम्ही पुस्तक वाचलेले नाही, चाळले आहे. नवव्या कथेवरून संपादकाला जाब विचारायला हवा होता, तो विचारला नाहीत. नावाडी तीन हातांतून सुखरूप पार नेल्याबद्दल त्याच संपादकाची पाठ थोपटायला हवी होती, तीही थोपटली नाहीत. संपूर्ण परीक्षणात संपादकाचे नाव एकदाच येते आणि तेही चुकीचे छापले आहे. पाचव्या कथेची लेखिका नवखी आहे. तुम्ही तिचा उल्लेख 'अन्य लेखक' असा केलात आणि प्रसिद्ध लेखकाच्या जुन्या कादंबऱ्यांवर दोन परिच्छेद खर्च केलेत, ज्यांचा या शहराशी काडीचाही संबंध नाही. संग्रहातल्या कथा ओळीने वाचण्याइतका धीर नसेल, तर अशा पुस्तकांच्या वाटेला जाऊ नका. कादंबऱ्यांची परीक्षणे लिहा. अर्थात, त्याही वाचाव्याच लागतात.