डॉक्टर कितल्याक बसता?

परवा संध्याकाळी एक गृहस्थ कडेवर पोर घेऊन थेट आमच्या हॉलमध्ये शिरले, सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसले आणि दबक्या आवाजात मला विचारलं, “डॉक्टर कितल्याक बसता?” म्हणजे किती वाजता.

डॉक्टर दोन घरं पुढे बसतात. तसं सांगितल्यावर ते उठले, पण जाताना ट्यूबलाइटकडे आणि भिंतीकडे असं पाहिलं, की चूक त्यांची नसून हॉलचीच आहे. रात्रभर मला ते खुपत राहिलं. चिऱ्यांच्या भिंती, वर उंच कौलं, खाली लाल कोबा आणि मधोमध पांढरीफटक ट्यूब. फक्त वजनकाटा तेवढा नव्हता.

हॉल उबदार करायचा म्हटलं तर सल्ले मिळतात ते शेकोटीचे आणि लोकरी गालिच्यांचे. इथे गोव्यात जानेवारीतही रात्रीचा पारा विशीच्या आसपास. गालिचा एकदा आणला होता, हौसेने, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून. जुलैत त्याला मिशा फुटल्या. तो विषय नकोच. तेव्हा निदान उजेड तरी बदलू म्हणून फोंड्याच्या वरच्या बाजारात गेलो आणि 2700 केल्व्हिनचे, म्हणजे पिवळ्या उजेडाचे, दोन बल्ब मागितले.

दुकानदार शिडीवर चढला. शेजारी पंख्याचा कंडेन्सर घ्यायला आलेले एक काका होते. माझ्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

“हळदुवो बल्ब? कित्याक? बार घालता?”

“नाही हो काका. हॉल जरा उबदार दिसावा म्हणून.”

“आनी आतां आसा तो?”

“6500.”

काका विचारात पडले. “म्हणजे 6500 थंड आनी 2700 गरम?”

मी सांगितलं, लोखंड तापवलं की आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. त्याहून तापलेल्या वस्तूचा उजेड निळसर. म्हणून आकडा मोठा तितका उजेड डोळ्यांना थंड. हे मला आदल्या रात्रीच कळलं होतं, पण सांगताना आवाज प्राध्यापकाचा लागला.

“आमच्या चुलीक हें कोणें सांगूंक ना,” काका म्हणाले. मग जवळ सरकले. “घरांत आवय आसा?”

“आहे.”

“तांदूळ निवडटा?”

“निवडते.”

“हळदुव्या उजवाडांत तिका खडे दिसतले?”

दुकानदार शिडीवरच थांबला. मागे उभे असलेले दोघे माझ्या उत्तराची वाट पाहू लागले. मी म्हटलं, ती दिवसा निवडते. ते खोटं होतं आणि सगळ्यांना ते कळलं.

“पुता, व्होल्टेज उणें आसलें म्हूण आमी हळदुव्या उजवाडांत शिकले. घरांत ट्यूब आयली तेन्ना बापायन पेडे वांटिल्ले. आनी तूं पयशे दिवन फाटीं वता!”

यावर काय बोलायचं? एका बल्बला दीडशे रुपये घेतले, ते वेगळंच. पांढरा एलईडी तिथेच त्याच्या निम्म्या किमतीत होता. म्हणजे कमी दिसण्यासाठी जास्त पैसे, आणि वर हा अपमान. शिवाय काकांचा कंडेन्सर दुकानात नव्हताच. ते त्यांना आल्या आल्या सांगितलं होतं म्हणे. मग थांबले कशाला?

घरी येऊन ट्यूब बंद केली. एक बल्ब कोपऱ्यातल्या दिव्यात, एक सोफ्यामागे. बायकोने कुणबी चौकड्यांचे तांबडे अभ्रे उशांना चढवले. खरं सांगतो, हॉल ओळखू येईना. कोबासुद्धा मऊ दिसायला लागला. मी खुर्चीत बसून कुणीतरी दारातून आत डोकावण्याची वाट पाहत राहिलो.

आई तांदूळ निवडायला सूप घेऊन आली, दोन मिनिटं डोळे बारीक करून बसली आणि काही न बोलता बाहेर बलकावात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, गेली. तिथे पांढरी ट्यूब आहे. मागोमाग बायको पेपर घेऊन गेली. तेवढ्यात शेजारच्या काकी आल्या. त्यांनी आत बघितलं, मला विचारलं, “लायट गेल्या मरे?” आणि त्याही तिकडेच जाऊन बसल्या.