सेन सेपच्या पाण्याबद्दल, आणि तुमच्या त्या एका वाक्याबद्दल

नमस्कार.

बँकॉकच्या माझ्या लेखाखाली 'एक जुना वाचक' या नावाने आलेली तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. उत्तर द्यायचं नाही असं ठरवून काल अख्खा दिवस काढला. आज सकाळी चहा घेताना ती पुन्हा वाचली आणि राहवलं नाही.

बाकीच्या वाचकांसाठी आधी प्रतिक्रिया थोडक्यात सांगते. तुम्ही नोकरीनिमित्त सहा वर्षं बँकॉकला होतात. तुमचं म्हणणं असं की चार दिवसांत शहर कळल्याचा मी आव आणते, मला थाई भाषा येत नाही, सेन सेप कालव्याची लांबी मी चुकीची दिली, आणि महाकान किल्ल्याजवळच्या बागेत बसून आंबा-भात खाल्ल्याचं लिहिलं, पण तिथून उठवलेल्या वस्तीबद्दल अवाक्षर काढलं नाही. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देते: "ताई, दुसऱ्याच्या दारातली गटारगंगा सुंदरच दिसते, कारण संध्याकाळी तुम्हाला हॉटेलच्या एसीत परत जायचं असतं."

लांबीचं तुमचं बरोबर आहे. मी कालवा 18 किलोमीटरचा लिहिला होता. 18 किलोमीटर हा बोटीचा मार्ग आहे, फान फा धक्क्यापासून पूर्वेकडच्या 'वाट सी बुनरुआंग' या मंदिराच्या धक्क्यापर्यंतचा. कालवा स्वतः 72 किलोमीटर लांब आहे आणि थेट बांग पाकोंग नदीला जाऊन मिळतो. चूक माझी होती, लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल मनापासून आभार.

आता ते वाक्य.

आधी 'ताई'बद्दल. मला ताई म्हणणारी माणसं खूप आहेत आणि मला ते आवडतं. पण ज्या वाक्यात माणसाला खाली दाखवायचं, त्याच वाक्याच्या सुरुवातीला 'ताई' लावायचं ही कुठली रीत? नुसतं 'तुम्ही' म्हणाला असता तर मला कमी लागलं असतं. मतभेद असावेत, असतातच. माझ्या लेखांखाली बारा वर्षांत किती जणांनी मला खोडून काढलंय, कुणाचीही प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. पण माझ्या घरी, माझ्या ओसरीवर बसून बोलायचं तर बोलण्याची काही पद्धत असते, एवढी अपेक्षा मी ठेवते.

आणि दुसऱ्याच्या दारातली गटारगंगा. हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण होतं मला माहीत नाही. माझा जन्म कुर्ल्याचा. आमच्या खोलीची मागची भिंत आणि मिठी नदी यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस चालेल एवढी वाट होती. नदी फक्त नावाची. काळं पाणी, त्यावर साबणाचा फेस, आणि उन्हाळ्यात असा वास की आई दुपारी मागची खिडकी उघडू द्यायची नाही. दर पावसाळ्यात गाद्या माळ्यावर जायच्या. माझी दहावीची पुस्तकं मी पत्र्याच्या डब्यात ठेवून वापरली. 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, माझं लग्न होऊन मी डोंबिवलीला होते आणि आई-वडील त्या खोलीत होते. रात्रभर फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं की शेजारच्या इमारतीच्या जिन्यात बसून दोघांनी रात्र काढली. पुढे नदीचं रुंदीकरण झालं, आमची ती आख्खी ओळ पाडली गेली. माझ्या बाबांनी त्या खोलीच्या दाराची कडी काढून आणली होती. ती अजून माझ्याकडे आहे.

तेव्हा घाण पाणी म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगू नये. निदान परक्या शहरातल्या नोकरीचा दाखला देऊन तरी नाही.

मी सेन सेपला सुंदर म्हटलेलं नाही. लेख पुन्हा उघडून बघा. पाणी काळं आहे, उडालेलं तोंडात जाऊ नये म्हणून ओठ मिटून बसावं लागतं, असं मी स्पष्ट लिहिलंय. मी भरभरून लिहिलं ते बोटीबद्दल, आणि ते मी मागे घेणार नाही. बोट धक्क्याला नीट थांबतसुद्धा नाही. पोऱ्या दोरीचा एक वेढा देतो, तेवढ्यात लोक उड्या मारून आत येतात. हेल्मेट घातलेली तिकीटवाली बाई बोटीच्या बाहेरच्या कडेवर पाय ठेवून, दोरीला धरून, एकेका रांगेपाशी येते. बुटका पूल आला की छप्पर खाली येतं. मी कडेच्या जागेवर बसले होते. समोरून दुसरी बोट आली तेव्हा शेजारच्या मुलीने, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात होतं तिच्या, माझ्यापुढून हात घालून प्लास्टिकच्या पडद्याची दोरी ओढली. पडदा वर आला आणि त्यावर फाडकन पाणी आदळलं. मग तिने ती दोरी माझ्या हातात दिली आणि खुणेने सांगितलं, आता तू धर. प्रातूनामला बोट बदलेपर्यंत आमच्या बाजूचा पडदा मी सांभाळला. मला थाई येत नाही हे खरं आहे. ही खूण समजायला भाषा लागली नाही.

कुर्ल्याच्या मुलीला हे बघून काय वाटलं असेल याचा विचार तुम्ही करायला हवा होता. हा कालवा 1837 ते 1840 या काळात, तिथला राजा तिसरा राम याच्या कारकिर्दीत, कंबोडियाच्या बाजूला सैन्य आणि रसद न्यायला खणला. त्या शहराने पुढे रस्त्यांसाठी कितीतरी कालवे बुजवले. हा राहिला, आणि 1990 पासून त्यावरून प्रवासी बोटी धावतायत. पाणी घाण आहे तरी शहराने त्याच्याकडे पाठ फिरवलेली नाही. आमच्या मिठीवर माझ्या उभ्या आयुष्यात माणसांना कामावर नेणारी बोट मी पाहिली नाही. मी त्या बोटीत रडले. हे मूळ लेखात लिहिलं नव्हतं, कारण गरज वाटली नव्हती.

सहा वर्षांत तुम्ही त्या बोटीत किती वेळा बसलात? तुमच्या प्रतिक्रियेत तरी तसं काही दिसत नाही.

राहता राहिली महाकानची वस्ती. 1992 पासून लोक जागा सोडायला नकार देत होते आणि 2018 च्या एप्रिलमध्ये शेवटची घरं गेली, हे तुम्ही लिहिलंत, वाचकांना कळलं, चांगलं झालं. पण माझा लेख प्रवासाचा आहे. बसलेल्या प्रत्येक बाकाखाली पूर्वी कोणाचं घर होतं हे शोधत मी फिरू शकत नाही. शिवाय त्याच लेखात बान क्रुआबद्दल दोन परिच्छेद आहेत. थाई रेशमाचा अमेरिकन व्यापारी जिम थॉम्पसन याच्या घरासमोरच्या काठावरची ती चाम मुसलमान विणकरांची वस्ती, चाम म्हणजे कंबोडिया-व्हिएतनामकडचा एक समाज. तिच्यावरून महामार्गाचा फाटा जाणार होता, तो तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं झगडून थांबवला. ते तुम्ही वाचलंत की नाही, कल्पना नाही. उल्लेख तरी केला नाहीत.

चार दिवसांच्या मुद्द्यावर मी वेगळं काही लिहीत नाही. लेखाच्या पहिल्याच ओळीत 'चार दिवस' हे शब्द आहेत.

पुढचा भाग याओवारातवर, म्हणजे बँकॉकच्या चायनाटाउनवर आहे, रविवारी येईल. तिथे माझी काही चूक सापडली तर जरूर लिहा. नावानिशी लिहिलंत तर मला बरं वाटेल. बोटीचा परिच्छेद मात्र आहे तसाच राहील.