‘एकाच नमुन्याचे दोनदा पैसे घेतात’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. रिपोर्ट उशिरा मिळाल्याने गाइडसमोर तुमची पंचाईत झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत. उशीर, एका नमुन्याचे दोन चार्ज, आणि "फोटोत प्रोटीन गोल, ग्राफमध्ये लांबट, यांचं यांनाच कळत नाही" अशा तीन तक्रारी तुम्ही केल्या आहेत. पहिल्या दोन मी मुकाट्याने ऐकून घेतल्या असत्या. तिसरी फार लागली. प्रोटीनचा आकार तपासून देणारी आमची अंधेरी एमआयडीसीत दोन गाळ्यांची लॅब आहे, मशीनचे हप्ते चालू आहेत आणि नवीन गिऱ्हाईक फोन करायच्या आधी स्टार बघतं.

गोलही बरोबर आहे आणि लांबटही बरोबर आहे. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर हेच लिहिलं होतं, तिथपर्यंत बहुतेक पोचला नाहीत.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी तुमच्या प्रोटीनचा थेंब तांब्याच्या ग्रिडवर, म्हणजे बारीक जाळीवर, टाकून त्यावर युरेनिल ॲसिटेट (कण उठून दिसावेत म्हणून लावायचं रसायन) लावतात आणि वाळवतात. मग सुट्या सुट्या कणांचे फोटो एकावर एक ठेवून सरासरी काढतात. जो भाग प्रत्येक कणात वेगळ्याच दिशेला लोंबतोय तो त्या सरासरीत पुसला जातो. चालू पंख्याचा फोटो काढा, मधली वाटी येते, पाती येत नाहीत. ग्राफ आला तो सॅक्समधून, म्हणजे एक्स-रे कसे विखुरतात त्यावरून आकार काढायच्या चाचणीतून. तिथे प्रोटीन पाण्यातच असतं, एक्स-रे त्यातून जाताना लहान कोनांत विखुरतात आणि सगळ्या कणांचा मिळून एकच कर्व्ह मिळतो. त्यात चेहरामोहरा दिसत नाही, पण कणाची एकूण लांबी मोजली जाते, शेपटीसकट. तुमच्या प्रोटीनच्या साखळीच्या टोकाला मोकळी शेपटी आहे हे फोनवर तुम्हीच सांगितलं होतं. जास्त इथे लिहीत नाही, तुमचं काम अजून छापून यायचंय.

"आजकाल सगळं क्रायो-ईएमने होतं" असंही लिहिलंय. म्हणजे नमुना न वाळवता झटकन गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायचा. २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यालाच मिळालं, कबूल. पण शेपटी हलती असेल तर सरासरीत ती तिथेही धूसरच होते. आणि क्रायो आमच्याकडे नाही हे कोटेशनवर पहिल्याच ओळीत असतं.

आता पैसे. नमुना एक, पण कामं दोन. सॅक्सला मिलिलिटरमागे काही मिलीग्रॅम प्रोटीन लागतं, ग्रिडसाठी तेच शंभरपट, कधी त्याहूनही पातळ करावं लागतं. शिवाय तुमचा फॉस्फेट बफर (प्रोटीन ज्यात विरघळवून ठेवतात ते क्षारांचं पाणी) युरेनिलबरोबर साका धरतो, म्हणून तो आधी बदलावा लागला. नुसता कर्व्ह दिला असता तर? एकाच कर्व्हमध्ये वेगवेगळे आकार बसू शकतात, आणि थोड्याशा गुठळ्या असल्या तरी त्यांचंच विखुरणं वरचढ ठरतं. गुठळ्या नाहीत हे फोटोंनी दाखवलं, म्हणून त्या लांबीवर विश्वास ठेवता आला. दोन्ही दर कोटेशनमध्ये वेगवेगळे होते आणि तुमचा होकार मेलवर आहे.

उशिराचं कारणही सांगतो, कारण ते तुम्ही लिहिलेलं नाही. सॅक्समध्ये बफरचा सिग्नल वजा करून उरतो तो प्रोटीनचा, आणि तो अगदी थोडा असतो. म्हणून ज्या बफरमध्ये डायलिसिस केलं, म्हणजे नमुना पातळ पडद्याच्या पिशवीत ठेवून त्यातलं पाणी बदललं, त्यातलाच बफर सोबत हवा. तुमच्याकडून नुसती ट्यूब आली, बर्फ निम्मा वितळलेला. आम्ही फोन केला तर "बफर काय, पाणीच तर आहे, तुमच्याकडचं वापरा" असं उत्तर मिळालं. नंतर जो आला तो नव्याने बनवलेला, त्यात ग्लिसरॉलच नव्हतं आणि नमुन्यात होतं. वजाबाकी जुळत नव्हती. तसाच रिपोर्ट दिला असता तर वेळेत मिळाला असता, पण तो चुकीचा असता. शेवटी डायलिसिस आमच्या लॅबमधल्या मुलीने इथे पुन्हा केलं. त्याचे पैसे बिलात नाहीत, बघून घ्या.

नमुन्याच्या फॉर्मवर बफरची ओळ आता ठळक करतोय आणि रिपोर्टचं ते शेवटचं पान पुढे कसं आणता येईल तेही बघतो. बाकी सुधारणाही चालू आहेत.

हे वाचून पटलं तर त्या एका स्टारचं काहीतरी करा ही विनंती. उरलेला नमुना ४ अंशांवर ठेवलाय. शनिवारी दुपारी दोनपर्यंत कुणाला तरी पाठवा, आणि या वेळी बर्फ भरपूर द्या.