अखेरची शिल्लक

परवा एका सद्गृहस्थांनी माझ्या हातातली कादंबरी मागून घेतली, तिचे शेवटचे पान उघडले आणि ते मला मोठ्याने वाचून दाखवले. माझी साठेक पाने वाचायची राहिली होती. हे लिहितानाही माझी दाढ ठणकते. अर्थात ती त्यापूर्वीही ठणकतच होती, कारण हा प्रसंग दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात, रूट कॅनलच्या तिसऱ्या खेपेला, माझ्या आधी सहा जण असताना घडला.

पुस्तक ई. एम. फॉर्स्टर यांचे ‘मॉरिस’ होते. गेले दोन महिने मी समलिंगी प्रेमावरच्या, हल्लीच्या शब्दांत क्विअर म्हणाव्या अशा, कादंबऱ्या ओळीने वाचतो आहे. त्यामागे कोणतेही व्रत नाही; एकीतून दुसरी निघत गेली, इतकेच. पुस्तकाला मी खाकी कागदाचे कव्हर घातले होते. ते का घातले, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. तो शेजारच्या खुर्चीवरून आला.

“कव्हर घातलंय. ग्रंथालयाचं आहे का?”

“नाही, माझंच आहे. धूळ बसते.”

दारे-खिडक्या घट्ट बंद असलेल्या त्या चकचकीत खोलीभर त्यांनी एकदा सावकाश नजर फिरवली. “धूळ,” एवढेच ते म्हणाले, आणि तो मुद्दा त्यांनी पुढे केव्हातरी उपस्थित करण्यासाठी राखून ठेवल्याचे मला स्पष्ट दिसले. हे गृहस्थ आयुष्यभर लेखापरीक्षण करून निवृत्त झाले होते. ही माहिती मी विचारली नव्हती, पण न विचारलेली माहिती देणे हा प्रतीक्षागृहाचा धर्मच असतो. ज्याचे तोंड सुजलेले नाही तो बोलतो आणि ज्याचे सुजलेले आहे तो ऐकतो. माझे सुजलेले होते.

“मी कुठलंही पुस्तक मागून उघडतो,” ते म्हणाले. “अखेरची शिल्लक आधी बघावी. ती जुळली, तर मधल्या नोंदींत फार वेळ घालवायचं कारण नाही. आणि नाही जुळली, तर मग सगळंच वाचावं लागतं.” हे बोलत असतानाच त्यांनी पुस्तक घेतले होते. मी ते दिले, असे म्हणता येणार नाही. पण माझ्या हातातून ते गेले, तेव्हा माझी बोटे पुरेशी घट्ट नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

त्या क्षणी कादंबरीत अ‍ॅलेक नावाचा तरुण अर्जेंटिनाला जाणाऱ्या बोटीत चढणार की मॉरिससाठी मागे राहणार, हा एकच प्रश्न उरला होता. दोन रात्री मी तो जपून ठेवला होता. लहान मूल आवडीची गोष्ट मुठीत धरून झोपते, तसा मी तो प्रश्न घेऊन झोपत होतो.

“इथे कुणीतरी क्लाइव्ह आहे,” लेखापरीक्षक वाचू लागले. “तो घरात परत जातो. कशाला, तर प्रूफ्स करेक्ट करायला, आणि अ‍ॅनपासून खरी गोष्ट कशी दडवावी याची काही युक्ती शोधायला.” त्यांनी चष्मा काढला. “ही अ‍ॅन कोण?”

“त्याची बायको.”

“म्हणजे बायकोपासून माहिती दडवायची आणि पुराव्यांत दुरुस्त्या करायच्या! तेही शेवटच्या पानावर!”

मी दाढ सांभाळत त्यांना सांगितले की ही प्रुफे छापखान्यातली आहेत, छापण्याआधी तपासायची. त्यांचा पुराव्याशी काहीही संबंध नाही. त्यांनी माझ्याकडे ज्या सहानुभूतीने पाहिले, ती सहानुभूती त्यांनी आजवर असंख्य रोखपालांना दाखवली असावी. “असं ते सांगतातच,” ते म्हणाले. “आधी बायकोपासून लपवणाऱ्या माणसानं त्याच वाक्यात कागद दुरुस्त करायला घ्यावेत, आणि आपण म्हणायचं योगायोग! बरं, हा मुख्य माणूस नाही ना?”

“मुख्य माणूस मॉरिस.”

“तो शेवटच्या पानावर गैरहजर आहे.” पाच-सहा पाने मागे उलटण्याचा आवाज झाला. मी कान झाकण्यासाठी हात वर नेला, पण तो दाढेवरच थांबला. “सापडला. त्या अ‍ॅलेककडे आहे. सुखरूप आहेत दोघे. बोट याला न घेताच गेली म्हणायची.”

असा माझा प्रश्न सुटला. (तुमचाही सुटला असल्यास क्षमस्व, पण मला एकट्यालाच हे सहन करावे लागावे, इतका मी सहनशील नाही.)

त्यानंतर त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली आणि त्यांनी आवाज थोडा उतरवून विचारले, “दोघे पुरुष ना?”

आता माझी वेळ आली होती. अशा प्रसंगासाठी मी कितीतरी दिवस मनात एक भाषण तयार ठेवले होते. त्यात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ बाबत दिलेला निकाल होता, व्यक्तिस्वातंत्र्य होते, साहित्याचे प्रयोजन होते आणि शेवटी आवाज किंचित कापरा करण्याची एक जागाही होती. मी ताठ बसलो. “हो,” मी म्हणालो, खोलीत सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने, “दोघे पुरुष.”

“बरं,” ते म्हणाले. “मग हा क्लाइव्ह मध्येच कशाला?”

माझे भाषण घशातच राहिले. दोन महिने मी कव्हर घालून, लपवून, मनातल्या मनात शूर होऊन ज्या हल्ल्याची वाट पाहत होतो, तो हल्ला झालाच नाही. त्यांचा आक्षेप प्रेमावर नव्हता, पात्रयोजनेवर होता. शेवट फोडल्याचा राग एक वेळ ओसरेल, पण मला धीट होण्याची संधी नाकारली, हे मी विसरू शकत नाही. आणि खरे सांगायचे तर क्लाइव्हबद्दलचा प्रश्न योग्यच होता. कॉलेजात मॉरिसवर प्रेम करणारा आणि पुढे लग्न करून जमीनदारी व राजकारण सांभाळणारा हा क्लाइव्ह कादंबरीच्या पूर्वार्धात जितका जिवंत आहे, तितका पुढे राहत नाही. फॉर्स्टरना त्याचा इतका राग आलेला दिसतो की त्याला ते माणूस म्हणून वागवण्याचे सोडूनच देतात. अ‍ॅलेकचा प्रवेश मात्र उशिरा आणि घाईने होतो. हे मत मी स्वतः बनवले आहे असे मी समजत होतो. ते नुसत्या शेवटच्या पानावरूनच कळण्यासारखे आहे, हे मला परवा समजले.

सूड म्हणून मी त्यांना पुस्तकाचा इतिहास ऐकवला. फॉर्स्टरनी ही कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली, पुढे अनेकदा हात फिरवला आणि जिवंतपणी छापली नाही. १९७० मध्ये ते वारले आणि १९७१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. इंग्लंडमध्ये तिचा विषय १९६७ पर्यंत गुन्हा होता. दोघांना सुखी ठेवायचेच, हे लेखकाने आरंभीच ठरवले होते, आणि अडचण नेमकी तीच होती: एकाला फासावर लटकवले असते, तर पुस्तक छापणे सोपे गेले असते, असे त्यांनीच पुढे नोंदवून ठेवले आहे.

“सत्तावन्न वर्षं प्रलंबित!” लेखापरीक्षक प्रथमच हलले. “शिल्लक जुळत असताना?”

या उद्गारावर मी घरी येऊन बराच विचार केला. गेल्या दोन महिन्यांत मी जे जे वाचले, त्यात पहिल्या पानापासून माझ्या मनात एकच धाकधूक होती: यातले कोण मरणार? ही उत्कंठा लेखकाने निर्माण केलेली नसते. ती आपण घरून घेऊन आलेलो असतो. १९५२ मध्ये पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी दोन स्त्रियांच्या प्रेमाची ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ ही कादंबरी क्लेअर मॉर्गन या टोपणनावाने लिहिली, आणि शेवटी दोघींना जगू दिले, एकत्र येण्याची आशा दिली, एवढ्यासाठी त्यांना वाचकांची कृतज्ञतेची पत्रे आली. कुणी मरत नाही म्हणून लेखकाला आभाराचे पत्र जावे, असा दुसरा साहित्यप्रकार मला आठवत नाही. युद्धकथेच्या वाचकालाही एवढी भीती नसते. लेखापरीक्षकांनी शेवटचे पान उघडले. मी ते दोन महिने उघडायचे टाळले. प्रश्न आम्हा दोघांचा एकच होता, आणि हे मान्य करावे लागणे मला मुळीच आवडलेले नाही.

या धाकधुकीचा गैरफायदा घेणारी पुस्तकेही असतात, आणि इथे मला खरोखर तक्रार करायची आहे. हान्या यानागिहारा यांची २०१५ मधली ‘अ लिटिल लाइफ’ ही सातशेहून अधिक पानांची कादंबरी मी नेटाने पूर्ण केली. वाक्ये सुंदर आहेत, मैत्रीचे चित्रण काही ठिकाणी अपूर्व आहे. पण ज्यूडच्या वाट्याला आलेल्या यातनांची रास लेखिका ज्या चिकाटीने वाढवत नेते, ती पाहून मला करुणा वाटेनाशी झाली आणि नुसता थकवा उरला. दुःखाचे प्रमाण वाढवले की त्याची खोली वाढते, हा समज चुकीचा आहे. उलट अँड्र्यू शॉन ग्रीर यांची ‘लेस’ पाहा. जुन्या प्रियकराच्या लग्नाला जायचे टाळण्यासाठी पन्नाशीला टेकलेला एक बेताचा लेखक जगभरातली येतील ती सगळी आमंत्रणे स्वीकारतो, आणि देशोदेशी स्वतःची फजिती करून घेत हिंडतो. तिला २०१८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. समलिंगी नायकाला केवळ हास्यास्पद होण्याचा हक्क मिळाला, एवढ्यानेच मला ही कादंबरी इतर अनेक गंभीर ग्रंथांपेक्षा मोठी वाटते. ती कोण सांगतो आहे, हे मी सांगणार नाही. मलाही काही तत्त्वे आहेत. ती ‘मॉरिस’च्या बाबतीत थोडी ढिली पडली, इतकेच.

या पुस्तकांच्या मागच्या बाजूला मात्र ‘धाडसी’ असा शब्द हटकून असतो. कुणाचे धाडस? लेखकाचे असेल तर त्याने ते आत दाखवावे. बाहेर छापून काय होणार? मला संशय आहे की ते वाचकाला उद्देशून आहे: हे पुस्तक विकत घेतलेत, शाबास. ही शाबासकी मीही घेत होतो, आणि वर खाकी कागद लावत होतो.

प्रतीक्षागृहाकडे परत येतो, कारण तिथला उत्तम भाग राहिला आहे. अजून चार जण आत जायचे होते. मराठीतही असे काही आहे का, असे लेखापरीक्षकांनी विचारले, तेव्हा मी बिंदुमाधव खिरे यांच्या ‘पार्टनर’चे नाव घेतले, म्हणजे लेखकाचे नाव दाढेमुळे नीट उमटले नसावे.

“पार्टनर!” ते उजळले. “तरुणपणी दोनदा वाचलंय.”

मी चकित झालो आणि मला त्यांच्याविषयी एकदम आदर वाटू लागला. घरात मन मोकळे करता न येण्याची ती घुसमट, मी म्हणालो. अगदी बरोबर, ते म्हणाले. आईने तरी समजून घ्यायला हवे होते. मी म्हणालो, अशा वेळी एक खरा जोडीदार भेटणे किती महत्त्वाचे असते. ते म्हणाले, तो भेटला म्हणून तर तो पोरगा तरला. आमचे असे पाच मिनिटे प्रत्येक मुद्द्यावर एकमत होत होते, आणि माणसांविषयीचा माझा विश्वास दर वाक्याला वाढत होता. मग ते म्हणाले, “आणि ती किरण काय गोड!”

“किरण कोण?”

“त्याची बायको!”

ते वपु काळ्यांच्या ‘पार्टनर’विषयी बोलत होते. मी त्यांना दोन पुस्तके वेगळी असल्याचे सांगितले, एकात समलिंगी तरुणाची व्यथा असल्याचे सांगितले. ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, “पण मग आपलं सगळं जुळत कसं होतं?” या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

मग मी सचिन कुंडलकरांची २००६ मधली ‘कोबाल्ट ब्लू’ सांगितली: एकाच घरातले भाऊ आणि बहीण, घरात राहायला आलेला एकच निनावी तरुण, दोघांचेही त्याच्यावर प्रेम, आणि तो निघून गेल्यावर अर्धी कादंबरी तनयची, अर्धी अनुजाची. तनयच्या भागात त्या निघून गेलेल्या माणसाला ‘तू’ म्हणून जे बोलले जाते, ते मला मराठीतल्या उत्तम प्रेमगद्यापैकी वाटते. अनुजाचा भाग त्यामानाने मोकळा आणि रागीट आहे, आणि त्यामुळेच तो मला दुसऱ्या वाचनात अधिक आवडला.

“एकच व्यवहार, दोन खात्यांत नोंद,” ते समाधानाने म्हणाले. “द्विनोंदी पद्धत. भाडं देऊन गेला का तो?”

इतक्यात त्यांचा पुकारा झाला. त्यांनी ‘मॉरिस’ माझ्या मांडीवर ठेवले. माझी खूण त्यांनी जागेवरून काढून शेवटच्या पानात, जिथे त्यांचे काम पूर्ण झाले होते तिथे, व्यवस्थित ठेवली होती. दारापाशी पोचल्यावर ते वळले आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ते धुळीचं मात्र पटलं नाही हं!”

त्या रात्री अर्धा जबडा बधिर असताना मी उरलेली साठ पाने वाचली. बोट सुटली, अ‍ॅलेक मागे राहिला, नौकाघरात दोघे भेटले. सगळे ठाऊक असूनही माझे डोळे भरून आले. मग शेवटचा परिच्छेद आला. एक माणूस आपल्या आयुष्यातले सर्वांत खरे असे काही कायमचे गमावून अंधारातून घरात परततो, असे ते गंभीर आणि निर्दय वाक्य आहे. फॉर्स्टरनी हे पुस्तक पन्नास वर्षांहून अधिक काळ जपून ठेवले होते. मी ‘प्रूफ्स’ या शब्दापाशी पोचलो आणि मला फस्सकन हसू आले.

बधिर ओठांतून थोडी लाळही त्या पानावर पडली. तो डाग अजून तिथे आहे.