सी-स्पॅनर नाही, टॉर्क रेंच नाही, आणि म्हणे कॉइलओव्हर बसवून देतो

लाखाच्या घरातला कॉइलओव्हर किट, म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरचा सेट, खोक्यातून काढून समोर ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती डाऊन करायची, दादा?" संभाजीनगर असो, जालना असो, लातूर असो की नांदेड, हाच प्रश्न. स्प्रिंगचा रेट (कडकपणा) किती, समोरचं सस्पेन्शन डबल विशबोन आहे का मॅकफर्सन, डॅम्परला (शॉकॲब्सॉर्बरला) कडक-मऊ करायचे किती क्लिक आहेत, याबद्दल चकार शब्द नाही. संताप इथूनच सुरू होतो. दहा-पंधरा वर्षं जुनी ऑडी टीटी किंवा निसान ३७०झेड ही टाकाऊ गाडी नाही. तिचे मूळचे शॉकॲब्सॉर्बर थकलेले असतात, सांध्यातले रबरी बुश फाटलेले असतात आणि चांगला ॲडजस्टेबल सेट तिची पकड परत आणू शकतो. नीट बसवला तर. पण नीट बसवायचं कुणाला पडलंय? फोटोत टायर आणि फेंडरमध्ये बोट जायला नको, एवढीच सगळ्यांची हौस.

अरे बाबांनो, रस्ते कुठले आहेत ते तरी बघा! इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम सांगतो की गोल गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे गाडी २५ च्या वेगाने आरामात जाते. आपल्याकडे गावाच्या तोंडाशी असतो तो रातोरात ओतलेला डांबराचा उभा बांध. पांढरा पट्टा नाही, फलक नाही, रुंदी जेमतेम हातभर. टीटीचा व्हीलबेस अडीच मीटरच्या आसपास. पुढची चाकं उतरलेली, मागची अजून चढायची आणि मधलं पोट बांधावर. त्यात गाडी ५० मिलिमीटर खाली घेतलेली. मग सायलेन्सर खरवडला, ऑइल पॅन फुटला की दोष किटला. किटनं काय केलं? गाडी ५० नं पाडा असं त्या किटवर कुठंही लिहिलेलं नसतं. या भागात २० ते २५ मिलिमीटर, बस्स. त्याच्या पुढे जाणाऱ्याने मराठवाड्यातून ती गाडी चालवायचा विचार सोडावा.

आणि जास्त खाली म्हणजे जास्त चांगलं कॉर्नरिंग, हा गैरसमज तर कधी मरतच नाही. मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये, म्हणजे खाली एक आर्म आणि वर स्ट्रट (स्प्रिंगसह शॉकॲब्सॉर्बर) अशा रचनेत, खालचा आर्म मूळ उंचीवर साधारण आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खूप खाली घेतली की तोच आर्म चाकाकडे चढता होतो. गुरुत्वमध्य जितका खाली जातो त्यापेक्षा रोल सेंटर, म्हणजे वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, जास्त खाली जातो. परिणाम उलटा: वळणात बॉडी जास्त झुकते, स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोन बिघडतो आणि खड्ड्यावर स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं. वर बंप स्टॉपपर्यंतचं अंतर संपलेलं. म्हणजे स्प्रिंग काम करायच्या आत गाडी रबराच्या ठोकळ्यावर बसते. कन्नडच्या औट्रम घाटात भर वळणावर खड्डा लागला आणि गाडी बंप स्टॉपवर आदळली, तर त्या चाकाची पकड एका क्षणात जाते. हे जिवाशी आहे, फोटोपुरतं नाही.

प्रीलोडची, म्हणजे भार येण्याआधी स्प्रिंग किती दाबून ठेवायची त्याची, तर पार वाट लावलीय. चांगल्या किटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात: खालचा ब्रॅकेट फिरवून उंची, आणि स्प्रिंगखालची रिंग फिरवून प्रीलोड. गाडी लवकर पाडायची म्हणून हे लोक स्प्रिंगखालची रिंगच उतरवतात. स्प्रिंग मोकळी होते. बांधावरून उतरताना चाक खाली लोंबतं, स्प्रिंग आपल्या जागेवरून सुटते आणि परत बसताना 'टक्' वाजते. मग म्हणतात, "आवाज येतोच मालक, स्पोर्ट्स सस्पेन्शन आहे." नाही येत! प्रीलोड ३ ते ५ मिलिमीटर ठेवा आणि उंची खालच्या ब्रॅकेटनं करा. ब्रॅकेटमध्ये आटा किती आत राहिला पाहिजे याची किमान खूण कंपनीने दिलेली असते, ती ओलांडू नका. आणि प्रीलोड वाढवला की गाडी कडक होते, हेही चूक. समजा पुढच्या एका चाकावर ३६० किलो भार आहे, त्यातले ४० किलो चाक-हब-ब्रेकचे. स्ट्रटवरच्या ८ किलो प्रति मिलिमीटरच्या स्प्रिंगवर ३२० किलो आले, ती ४० मिलिमीटर दबणार. आधी ५ दाबून ठेवली तरी एकूण ४० च दबणार. रेट तोच राहतो.

मागची बाजू म्हणजे वेगळंच दुखणं. टीटी आणि ३७०झेड या दोन्हींत मागची स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर वेगवेगळ्या जागी असतात. स्प्रिंग आर्मवर आतल्या बाजूला बसते, म्हणून चाक १० मिलिमीटर हललं तर ती समजा ६ च हलते. चाकापाशी तिचा रेट ०.६ चा वर्ग, म्हणजे ०.३६ पट होतो. १० किलोची स्प्रिंग चाकापाशी ३.६ ची. हे न समजता "मागे एवढी कडक कामून दिली?" म्हणून पुढची-मागची अदलाबदल करणारे आहेत. त्याहून वाईट म्हणजे "खरा कॉइलओव्हर" करायचा म्हणून मागची स्प्रिंग शॉकॲब्सॉर्बरवर चढवणारे. शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटचा पत्रा गाडीचं वजन पेलायला बनवलेलाच नसतो. तिथं मजबुतीची प्लेट न लावता हे केलं की पत्र्याला तडे जातात, आणि आतल्या गालिच्याखाली असल्यामुळे ते महिनोन्‌महिने दिसतही नाहीत.

३७०झेडला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे वर-खाली दोन आर्म. तिथं वरची कॅम्बर प्लेट सरकवून कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, बदलत नाही, त्यासाठी ॲडजस्टेबल वरचा आर्म लागतो. तरी विकणारा "कॅम्बर प्लेटवाला घ्या, भारी आहे" म्हणून जास्तीचे पैसे काढतो. ही सरळसरळ लूट आहे.

आता प्रत्यक्ष बसवण्याकडे या. स्ट्रटचा वरचा नट काढताना रॉड फिरतो. तो धरायला रॉडच्या डोक्यात ॲलन कीची खाच दिलेली असते. ती सोडून क्रोमच्या चकचकीत रॉडला पाइप पाना लावतात! त्या दातांचा एक ओरखडा पुरे. प्रत्येक वेळी रॉड वर-खाली झाला की तो ओरखडा ऑइल सील कापतो, आधी ओलसर रेष दिसते, मग त्या ओलाव्यावर धूळ चिकटते, आणि काही दिवसांत नवाकोरा डॅम्पर तेल गाळून मोकळा. गॅरंटी द्यायला कंपनी तयार नसते, कारण पान्याची खूण स्पष्ट दिसते. भुर्दंड कुणाला? गाडीवाल्याला.

बुशचं तर सांगून सांगून घसा बसतो. आर्मचे रबरी बुश आतल्या धातूच्या नळीला चिकटवलेले असतात. गाडी लिफ्टवर, चाकं हवेत लोंबतायत, आणि त्याच अवस्थेत इम्पॅक्ट गननं सगळे बोल्ट आवळून टाकतात. गाडी खाली आली की आर्म वर जातो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी उंच बसते, आणि उत्तर मिळतं, "सेट होईन आपोआप." सेट होत नाही. रबर फाटतं. पद्धत सोपी आहे: बोल्ट हातानं लावा, हबखाली जॅक लावून चाक त्याच्या चालत्या उंचीवर आणा किंवा गाडी रॅम्पवर उभी करा, आणि मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. उंची बदलली की बुशचे बोल्ट ढिले करून पुन्हा हेच. एवढ्यासाठी जास्तीचा अर्धा-पाऊण तास लागतो. तो द्यायची तयारी नाही.

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत दर शिफ्टला टॉर्क मोजून नट आवळले जातात. त्याच शहरातल्या गॅरेजात टॉर्क रेंच, म्हणजे किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना, मागितला तर माणसं तोंडाकडे बघतात. टीटीच्या चाकाचा बोल्ट १२० न्यूटन-मीटर, ३७०झेडचा नट १०८. हे आकडे पाठ नसतील तर भिंतीवर लिहा. सेल्फ-लॉकिंग नट एकदाच वापरायचा, तोही नवा आणा. वळणात झुकणं कमी करणाऱ्या अँटी-रोल बारची लिंक नव्या उंचीला लांब पडते का, वळणात आर्मला घासते का, ते बघा. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर नव्या डॅम्परच्या ब्रॅकेटला लावा, केबल टायनं कुठंतरी लटकवू नका. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून दोन्ही टोकांना तपासा. झेनॉन दिवे असतील तर आर्मवरचा उंचीचा सेन्सर पुन्हा जुळवा, नाहीतर रात्री झोत भलतीकडेच पडतो. मूळची टीटी मॅग्नेटिक राइडची (विजेवर कडक-मऊ होणाऱ्या शॉकॲब्सॉर्बरची) असेल तर डॅशबोर्डवर दिवा लागणारच, त्याची सोय किट घेण्याआधी विचारा.

लॉक रिंग फिरवायला छिन्नी-हातोडी वापरणाऱ्यांना काय म्हणावं! रिंग ॲल्युमिनियमची असते, दोन घावांत खाच गोल होते आणि नंतर त्या खाचेत अडकणारा सी-स्पॅनर (आकड्यासारखा पाना) धरतच नाही. वर आपली काळी माती. पावसाळ्यात ती आट्यात भरते, उन्हाळ्यात कडक होते, आणि तसंच फिरवलं की आटा ओरबाडला जातो. आधी पाण्यानं धुवा, नायलॉनच्या ब्रशनं आटा साफ करा, थोडं लुब्रिकंट मारा, मग फिरवा. किटसोबत सी-स्पॅनर येतो. तो खोक्यातच राहतो आणि खोकं भंगारात जातं.

क्लिकचंही तेच. नॉब हळूच पूर्ण कडक बाजूला बंद करायचा, तिथून मागे क्लिक मोजायचे, दोन्ही बाजूंना सारखे. सुरुवात मधून. सगळं कडक करून समृद्धीवर नेलं की काँक्रीटच्या प्रत्येक जोडावर टायर उडतो. रिबाउंड (दबलेली स्प्रिंग उलगडताना डॅम्परचा विरोध) फार कडक असला तर गावाआधीच्या रम्बल पट्ट्यांवर चाक परत खाली यायच्या आत पुढचा दणका बसतो, गाडी दर पट्टीला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर. मग शिव्या पुन्हा किटला.

शेवटी अलाइनमेंट. स्क्रीनवर हिरवं आलं की झालं, ही वृत्ती. टायरमधली हवा मोजत नाहीत, आधी मागची आणि मग पुढची चाकं जुळवत नाहीत, कॅम्बर विचारला तर "तो होत नाही." टायर आतून खाल्ला जातो तो बहुतेक वेळा कॅम्बरनं नाही, चुकलेल्या टो-नं, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असल्यानं. रस्त्यावरच्या गाडीला पुढे उणे दीड अंशापर्यंत कॅम्बर आणि शून्याजवळ टो असेल तर टायर पुरतात. आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा, नाही दिले तर पैसे देऊ नका. उंचीही जमिनीपासून मोजू नका, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, कारण बहुतेक गॅरेजची फरशी सपाट नसते. काही शे किलोमीटर चालल्यावर स्प्रिंग बसते, तेव्हा उंची, लॉक रिंग आणि सगळे बोल्ट परत तपासायचे असतात आणि अलाइनमेंटही परत करायची असते. हा कामाचाच भाग आहे, घेतलेल्या मजुरीत धरलेला. तरी त्या दिवशी गाडी दारात दिसली की "आता परत कशाला आलात?" म्हणून कपाळाला आठ्या.