पाळी लवकर आली म्हणून पोरीचं दूध-केळं बंद करू नका

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतो आहे. सार असं: ‘पूर्वी मुलींना सोळाव्या वर्षी पाळी यायची, आता चौथी-पाचवीतच येते. कारण दुधात ऑक्सिटोसिन, ब्रॉयलरला हार्मोनची सुई, केळीला इथ्रेल आणि घरभर प्लास्टिक. आजपासून मुलींना दूध, अंडी, चिकन, केळी बंद करा.’ खाली हात जोडलेले, वर ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, त्याकडे येतेच. आधी केळी, कारण केळीच्या पट्ट्यातल्या रावेर-सावद्याच्या माणसाला तेच जास्त झोंबतं.

इथ्रेल, म्हणजे इथेफॉन, पाण्यात योग्य रीतीने मिसळलं की इथिलीन वायू सुटतो. केळं झाडावर पिकतानाही हाच वायू स्वतः सोडतं. फळं पिकवायच्या बंद खोलीत, म्हणजे रायपनिंग चेंबरमध्येही तोच असतो, दशलक्षात १०० भागांपर्यंत त्याला परवानगी आहे. इथिलीन झाडांना कळतं, माणसाच्या शरीरात त्याचा हुकूम घेणारी यंत्रणाच नाही. घड थेट औषधाच्या पाण्यात बुडवायला मात्र मनाई आहे. फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर तर पूर्ण बंदी, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. कार्बाइड वापरणाऱ्याची तक्रार जरूर करा, पण पाळीचं खापर त्याच्यावर फोडू नका.

दूध. पान्हा सोडायला म्हशीला ऑक्सिटोसिनची सुई टोचणारे आहेत, हे कोण नाकारेल? जनावराच्या तब्येतीला अपाय करणारी अशी सुई १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. पण ऑक्सिटोसिन नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी आहे, पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखं पचून तुटतं. शिवाय ते मुलीला वयात आणणारं हार्मोन नव्हेच, ते काम इस्ट्रोजेनचं.

ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जातो तो पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे. शेडमधल्या पाच हजार पिल्लांना धरून धरून सुया मारायला कोणत्या पोल्ट्रीवाल्याला परवडेल? कोंबड्यांना दिली जाणारी अँटिबायोटिक्स हा चिंतेचा विषय आहे, पण तो वेगळा.

आता ‘पूर्वी सोळाव्या वर्षी’. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पाळी सोळा-सतराव्या वर्षी यायची हे खरं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते वय तेराच्या आसपास आलं. तेव्हा ना ब्रॉयलर घरोघरी होता, ना प्लास्टिकची बाटली. पोटभर अन्न मिळू लागलं, साथीचे आजार घटले, मुली लवकर वाढल्या. त्यानंतरही वय खाली सरकलं, पण सगळं सारखं नाही. कोपनहेगनमध्ये १९९१ ते २००६ या काळात छाती वाढू लागण्याचं सरासरी वय एक वर्षाने उतरलं, पाळीचं मात्र तीन-चार महिन्यांनीच.

भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींचा अभ्यास १९९१मध्ये छापून आला. त्यांना पाळी आली साधारण साडेअकराव्या वर्षी, तिथल्या मुलींपेक्षा वर्षाहून आधी. लहानपणी उपासमार आणि पुढे अचानक भरपूर खाणं, हे त्याचं एक कारण मानलं जातं. वजनाचा संबंध अनेक अभ्यासांत दिसतो, कारण चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात आणि मेंदूला ‘साठा आहे’ असं कळतं. कोरोनाच्या टाळेबंदीत इटलीत आणि आपल्या पुण्यातही अकाली वयात आलेल्या मुली डॉक्टरांकडे जास्त येऊ लागल्या. काही महिन्यांत दूध किंवा केळी तर बदलली नव्हती!

राहिलं ‘घरभर प्लास्टिक’, म्हणजे शरीरात जाणारी रसायनं. तेच ते अर्धं खरं वाक्य. अमेरिकेत मिशिगनला १९७३मध्ये आगरोधक रसायन चुकून गुरांच्या खाद्यात गेलं. ज्यांना ते आईच्या पोटात आणि दुधातून जास्त मिळालं, त्या मुलींना पाळी लवकर आली. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात गरोदर आईच्या शरीरात सुगंधी प्रसाधनांतलं थॅलेट जातीचं एक रसायन दुप्पट असेल तर मुलीच्या अंगावर केस येणं सुमारे सव्वा महिन्याने अलीकडे आलं. सव्वा महिना, सहा वर्षं नव्हे. उलट केरळच्या कासरगोडला एंडोसल्फान या कीटकनाशकाच्या संपर्कातल्या मुलग्यांचं वयात येणं लांबलेलं आढळलं. म्हणजे प्रत्येक रसायन वेगळं आणि परिणामाची दिशाही वेगळी.

तेव्हा काळजी घ्यायची तर ती इथे: फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा धुऊन पाण्याला घेऊ नका. उकळती शेवभाजी प्लास्टिकच्या पातळ पिशवीत बांधून आणू नका. फवारणीचे कपडे पोराबाळांच्या कपड्यांत धुऊ नका. गरोदर बाईला फवारणीच्या शेतात नेऊ नका. कापूसपट्ट्यात हे सांगायची गरज आहे, आणि मेसेजमध्ये नेमकं हेच नाही.

त्याऐवजी तो मेसेज मुलीच्या ताटातून दूध आणि अंडं काढायला सांगतो. नंदुरबारच्या पाड्यांवर कुपोषण आणि रक्तक्षय किती, हे तिथल्या कोणत्याही अंगणवाडीताईला विचारा. दोन्ही लेकरांना एकच जेवण असताना भावाचं अंडं राहणार आणि बहिणीचं जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली किंवा दहाच्या आत पाळी आली, तर बालरोगतज्ज्ञाला दाखवा. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतात, गरजेप्रमाणे रक्त तपासतात, आणि काही मुलींना वयात येणं थांबवून धरणारं इंजेक्शन देतात. बहुतेकींना फक्त दर काही महिन्यांनी उंची मोजायला बोलावतात.