हँडब्रेकवरील अढळ श्रद्धा

आमच्या सोसायटीच्या सूचना फलकावर परवा एक परिपत्रक लागले आहे. वाहनतळाचा वापर यंत्रशाळा म्हणून केल्याबद्दल संबंधित सभासदास पाचशे रुपये दंड आकारण्यात येत असल्याचे त्यात म्हटले असून, सभासदाचे नाव न छापण्याचा सभ्यपणा दाखवताना पार्किंगचा क्रमांक मात्र ठळक अक्षरांत दिलेला आहे. खाली सचिव या नात्याने अप्पांची सही आहे. ज्या कामाबद्दल हा दंड झाला, त्या कामाच्या वेळी खुर्ची टाकून शेजारी बसलेले आणि माझ्याच घरचा चहा दोनदा घेतलेले गृहस्थ हेच अप्पा होत, ही बाब परिपत्रकात नमूद करण्याचे राहून गेले असावे.

काम अगदी साधे नव्हते, पण अचाटही नव्हते. स्टिअरिंग पूर्ण वळवले की पुढच्या चाकांतून कट-कट असा आवाज येत होता. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा म्हणजे शाफ्ट; त्याच्या चाकाकडील टोकाला सहा पोलादी गोळ्यांचा एक सांधा असतो, आणि चाक कितीही वळले तरी ते एकाच लयीत फिरत राहावे ही किमया तो करतो. त्यावरचा रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते, रेती आत जाते आणि खोबणी झिजू लागतात. दर सर्व्हिसिंगला गाडी उचलून पाहणाऱ्यांपैकी एकानेही फाटलेल्या बुटाचा उल्लेख केला नव्हता. आता मात्र दोन्ही शाफ्ट बदलण्याचा जो आकडा त्यांनी उच्चारला, तो ऐकून मी दोन्ही शाफ्ट, नवे नट आणि गिअर ऑइल विकत आणले व रविवारी सकाळी गाडी ठेप्यांवर चढवली.

गाडीखाली आडवा पडलेला माणूस ही सार्वजनिक मालमत्ता आहे, अशी आपल्याकडे समजूत दिसते. प्रथम मला अप्पांच्या चपला दिसल्या, मग खुर्चीचे चार पाय दिसले.

“काय काढतोयस?”

“पुढचे एक्सल शाफ्ट.”

“पुढे एक्सल? अरे, पुढची चाकं नुसती वळतात. गाडी ढकलायचं काम मागच्यांचं.”

मी खालूनच सांगितले की या गाडीचे इंजिन पुढच्या चाकांनाच फिरवते. चपलांची चुळबूळ झाली. अप्पांनी बावीस वर्षे पद्मिनी चालवली होती आणि तिची ताकद लांबलचक प्रॉपेलर शाफ्टमधून मागच्या चाकांकडे जात असे, हे खरेच आहे. अँबॅसडरचेही तसेच होते. पण १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी आपल्याकडे घरोघरी झाली, या घटनेची दखल अप्पांनी अद्याप घेतलेली नाही. “ओढते कशी? बैल आहे का?” एवढे बोलून त्यांनी चर्चा संपवली आणि पुढची पंधरा मिनिटे मला प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस कसा बदलावा, हे समजावून दिले.

खरा प्रसंग त्यानंतरचा आहे. शाफ्टच्या टोकाचा मोठा नट इतका घट्ट आवळलेला असतो, शिवाय त्याची कड ठोकून खाचेत बसवलेली असते, की पान्याला लांब पाइप अडकवून सारे वजन टाकावे लागते. आणि त्या वेळी कोणीतरी पायाचा ब्रेक दाबून धरावा लागतो, नाहीतर नटाबरोबर हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भागही फिरतो. घरातले सगळे लग्नाला गेले होते. अप्पांना विनंती केली. ते आनंदाने स्टिअरिंगसमोर बसले. मी पाइपवर रेललो, नट किंचित कुरकुरला आणि त्याच क्षणी हब गरकन फिरून पाइप माझ्या नडगीवर आदळला.

“अप्पा, ब्रेक!”

“हँडब्रेक लावलाय ना. पाय किती वेळ दाबून ठेवायचा?”

“हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो.”

“तेच म्हणतोय मी. ताकद मागे, म्हणून ब्रेक मागे.”

या युक्तिवादातील तर्कशुद्धता मला नडगी चोळता चोळता जाणवली, आणि म्हणूनच संताप अधिक आला. एका चुकीच्या गृहीतकावर या मनुष्याने एक अभेद्य शास्त्र उभारले होते आणि माझी नडगी त्या शास्त्राला अपवादसुद्धा ठरत नव्हती. शेवटी मी एक दांडके कापून ते सीट आणि ब्रेकच्या पेडलमध्ये घट्ट अडकवले. दांडक्याने कोणताही प्रश्न न विचारता दोन्ही बाजूंचे नट सोडू दिले. अप्पा मात्र दुखावले. “आम्ही नकोसे झालो, लाकूड चाललं,” असे म्हणून त्यांनी खुर्ची चांगली चार फूट मागे सरकवली. उठले मात्र नाहीत.

पुढचे सांगण्यासारखे थोडेच आहे. डावा शाफ्ट आखूड आणि उजवा लांब असतो, कारण गिअरबॉक्स डावीकडे असतो. दोन्ही पहारीच्या हलक्या झटक्याने निघाले. गिअर ऑइल आधीच परातीत काढून घेतले होते, तरी शाफ्टबरोबर चारदोन थेंब फरशीवर पडले. ते मी रॉकेलने पुसलेही. पण दंड थेंबांचाच झाला. याच वाहनतळात कोणाचा मोडका सोफा तीन पावसाळे भिजतो आहे, कोणी पाइप लावून तासभर गाड्या धुतो, जिन्याखाली लग्नमंडपाचे बांबू पडून आहेत. त्यांतल्या कशालाही परिपत्रक नाही. स्वतःच्या गाडीला स्वतःचा हात लावणे हाच बहुधा गुन्हा आहे, कारण त्याची पावती फाडायला सोपी जाते. मी पाचशे रुपये भरले. रकमेचे दुःख नाही, असे म्हणणार होतो, पण आहे.

त्या रविवारी संध्याकाळी चाचणीसाठी गाडी बाहेर काढली, तेव्हा अप्पा न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसले. मैदानात मी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवले, मग पूर्ण उजवीकडे. कट-कट नाही. गाडी लोण्यासारखी फिरत होती. परतताना गतिरोधकावर डिकीतला पाना परातीवर आपटून खणखणला, तसे अप्पांनी बोट वर केले.

“ऐकलंस? मागूनच येतोय.”